बसवलेली झेनॉन: वळताना पुढे घासते, लोड टाकला की मागे. ग्राइंडर लावू का?

भांडुपचा_हौदा | ५ जुलै, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. नुकतीच एक टाटा झेनॉन एक्सटी पिकअप घेतली. सेकंड हँड, डबल कॅब, टू व्हील ड्राइव्ह. आधीच्या मालकाने गाडी पुढून-मागून खाली बसवून घेतली आहे आणि १८ इंची अलॉय टाकलेत. सिग्नलला लोक काच खाली करून विचारतात, कुठून करून घेतली म्हणून. मला हाच लूक हवा होता.

त्रास असा आहे. सोसायटीच्या बेसमेंटमधून वर येताना रॅम्पवर स्टिअरिंग पूर्ण कापलं की पुढे डावीकडून खर्रर्र आवाज येतो. एलबीएस रोडवर चाक खड्ड्यात गेलं की पुढून असा दणका बसतो की दात आपटतात. रविवारी मंडळाचे स्पीकर हौद्यात टाकून जेव्हीएलआरने अंधेरीला गेलो, तर मागून रबर जळल्याचा वास. उतरून बघितलं, मागच्या डाव्या टायरच्या खांद्यावर गोल पट्टा घासून गुळगुळीत झालेला.

गॅरेजवाला म्हणतो, मडगार्डची आतली पट्टी ग्राइंडरने उडवतो आणि मागे चासिसला खाच मारतो, म्हणजे एक्सलला वर यायला जागा मिळेल. दोन दिवसांचं काम. गणपतीला घरच्यांना आणि सगळं सामान घेऊन सावंतवाडीला जायचंय. करून टाकू का?

ग्रीसगन | ६ जुलै, सकाळी ७:३०

थांबा. ग्राइंडर इतक्यात कुठेच लावू नका, आणि चासिसला तर नाहीच नाही. लॅडर चासिसची गाडी आहे, हौद्यातला सगळा भार त्या दोन लांब बीमवर असतो. एक्सलच्या वर खाच मारली की बीमची उंची नेमकी जिथे हवी तिथेच कमी होते. बाहेर अशी खाच मारतात ते आधी हिशोब करून, आतून जाड प्लेटचं बॉक्स बसवून, कडेने बोल्ट आणि वेल्ड करून. दोन दिवसांत गॅस कटरने होणारं काम ते नव्हे.

आता मुद्दा. घासतं म्हणजे जागा कमी पडते, हे बरोबर. पण जागा कशाने खाल्ली ते आधी शोधा. टायरचा व्यास वाढलाय का, रिम बाहेर आलंय का, की सस्पेन्शनला वर जायला जागाच उरली नाही? तिन्हींचा आवाज सारखाच येतो, इलाज मात्र पूर्ण वेगळा. बहुतेक बसवलेल्या गाड्यांत तिन्ही थोडंथोडं असतं, आणि लोक पहिला वार करतात तो बिचाऱ्या पत्र्यावर.

एवढं करून सांगा:

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर टायरची साइज काय लिहिली आहे, आणि प्रत्यक्षात गाडीला कोणती आहे. चारही चाकांना हबच्या मधोमध बिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत किती मिलिमीटर. जमिनीपासून मोजू नका, हवेच्या दाबाने तो आकडा बदलतो. पुढच्या खालच्या आर्मजवळ रबराचा बंप स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबलं की धक्का झेलणारा ठोकळा) शोधा, सपाटीवर गाडी उभी असताना तो ज्यावर आदळतो त्या जागेपासून किती लांब आहे ते बघा. आणि रिमच्या आतल्या बाजूला ईटी अक्षरांपुढे कोणता आकडा कोरलाय.

मग खडूची टेस्ट. शाळेतला पांढरा खडू घ्या, टायरच्या दोन्ही खांद्यांवर आणि ट्रेडच्या कडांवर जाड फासा. मडगार्डच्या आतून मात्र नीट पुसून कोरडं करा. आता एक पुढचं चाक फुटपाथच्या उतारावर किंवा रॅम्पच्या कडेवर चढवा, म्हणजे ती बाजू दाबली जाईल. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. उतरून टॉर्च मारा. खडू जिथे लागला तिथेच घासतंय, बाकी सगळे अंदाज. मागच्या चाकांना हेच करताना हौद्यात चार-पाच जण बसवा, रिकाम्या गाडीत मागचं दुखणं दिसणारच नाही.

आणि गाडीखाली जायचं तर घोड्या (जॅक स्टँड) लावून. नुसत्या जॅकवर नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.

लो_अँड_स्लो | ६ जुलै, दुपारी १:०५

ग्रीसगनदादांना पूर्ण अनुमोदन. मी स्वतः बसवलेल्या गाड्यांचा वेडा आहे, त्यामुळे 'परत स्टॉक करा' एवढंच सांगणार नाही. खाली बसवलेली पिकअप नीट केली असेल तर वळणावर खरोखर छान बसते, हौद्यात सामान चढवायला सोपी जाते आणि डोळ्यांना सुख देते. पण नीट केलेल्या गाडीत सस्पेन्शनचा प्रवास, म्हणजे चाकाला वर-खाली व्हायची जागा, शिल्लक ठेवलेला असतो. स्वस्तात बसवतात तेव्हा पुढे टॉर्शन बारचे (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळईचे) बोल्ट ढिले करतात, मागे स्प्रिंगचे दोन-तीन पाटे काढून टाकतात, झालं. उंची कमी होते आणि सोबत प्रवासही संपतो. मग गाडी स्प्रिंगवर चालत नाही, बंप स्टॉपवर चालते. तुमचा तो दणका तोच असणार.

पाटे गॅसने तापवून सपाट केलेत का तेही बघा. पाट्यावर निळसर-जांभळट डाग दिसला तर तो पाटा गेला समजा. स्प्रिंगच्या पोलादाचं पाणी उतरलेलं असतं, तो कधी बसेल किंवा तुटेल याचा नेम नाही.

भांडुपचा_हौदा | ८ जुलै, रात्री १०:४०

सगळं मोजलं. पुतण्याला हाताशी घेतलं होतं, त्याने खडूचं काम मन लावून केलं.

स्टिकरवर २३५/७० आर १६. गाडीला आहेत २६५/६० आर १८. ईटी पुढे शून्य कोरलेलं आहे. पुढचा बंप स्टॉप जवळजवळ टेकलेलाच, मधे करंगळीसुद्धा जात नाही. कांजूरच्या एका मित्राकडे स्टॉक झेनॉन आहे, तिचंही मोजून आणलं. पुढे माझी तिच्यापेक्षा ६० मिमी खाली आहे. मागे उजवीकडे ७०, डावीकडे ७५ मिमी खाली.

खडू लागला तो पुढे दोन ठिकाणी: मडगार्डच्या प्लॅस्टिक लायनरला मागच्या खालच्या कोपऱ्यात, आणि बंपरच्या टोकाला आतून. मागे उजवीकडे काहीच नाही. डावीकडे चाकाच्या वरच्या कमानीत, पुढच्या बाजूला, पत्र्याचा रंग जाऊन चंद्रकोरीच्या आकाराचा चकचकीत पट्टा पडलाय. उजवीकडे त्याच जागी जुना चिखल जसाच्या तसा सुकलेला आहे, कोणी हात लावलेला नाही.

पाट्यांवर निळे डाग नाहीत. मोजले तर तीन आहेत, मित्राच्या गाडीला जास्त दिसले.

ग्रीसगन | ८ जुलै, रात्री ११:२५

छान काम केलंत. अशी माहिती दिली की बोलायला मजा येते.

आधी टायर. २३५/७० आर १६ म्हणजे रुंदी २३५ मिमी, बाजूची उंची तिच्या ७० टक्के म्हणजे १६४.५. ती दोनदा, अधिक १६ इंची रिमचे ४०६.४. एकूण व्यास ७३५. आता तुमचा: २६५ चे ६० टक्के १५९, दोनदा ३१८, अधिक ४५७.२. एकूण ७७५. म्हणजे व्यास ४० मिमी जास्त, त्रिज्या २० जास्त, रुंदी ३० जास्त. गाडी ६० ने खाली आणली आणि टायर २० ने वर चढवला, मधे चाकाला जागा कुठून राहणार! शिवाय स्पीडोमीटरही पाच टक्क्यांहून अधिक कमी दाखवतोय. काटा ८० वर असेल तेव्हा तुम्ही ८४ ने चाललेले असता.

लूकसाठी १८ इंची रिमच ठेवायचं असेल तर २३५/६० आर १८ चा व्यास ७३९ येतो, २५५/५५ आर १८ चा ७३८. दोन्ही मूळ व्यासाच्या अगदी जवळ. २३५/६० आर १८ आजकालच्या मोठ्या एसयूव्हींना येते, त्यामुळे मुंबईत शोधावी लागत नाही. दुकानात एकच गोष्ट विसरू नका, लोड इंडेक्स. साइजनंतर जो दोन-तीन आकडी नंबर असतो तो. १०३ म्हणजे एका टायरला ८७५ किलो, १०७ म्हणजे ९७५. स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये जो आहे त्याच्यापेक्षा कमी घेऊ नका. कारचा टायर दिसायला तसाच असतो, पण हौदा भरल्यावर त्याच्या बाजू फुगतात आणि पुन्हा घासायला लागतात.

डाव्या मागच्या चाकाचं मला वेगळंच वाटतंय. एकाच बाजूला घासतं तेव्हा टायरला दोष देऊन चालत नाही, टायर दोन्हीकडे सारखाच आहे. पाट्यांचं काम करणारे आपले कमानपाटा इकडे असतील तर त्यांनी बोलावं.

टो_इन | ९ जुलै, सकाळी ९:५०

मी अलायनमेंटचं काम करते, म्हणून पुढच्या चाकाबद्दल थोडं.

ईटी म्हणजे रिमची मधली रेघ आणि हबला बसणारा पृष्ठभाग यांतलं अंतर. हा आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर. चाक बाहेर आलं की ते आपल्या जागी वळत नाही, मोठा वळसा घेऊन वळतं. म्हणून पूर्ण कापल्यावर टायरची पुढची कड बंपरला आणि मागची कड लायनरच्या खालच्या कोपऱ्याला लागते. खडूच्या खुणा अगदी तेच सांगतायत. अशा गाड्या आमच्याकडे आल्या की लोक म्हणतात, अलायनमेंट करून घासणं बंद करा. अलायनमेंटने ते बंद होत नाही.

रिम बदलणार असाल तर जुन्या गाडीवरचं कंपनीचं रिम समोर ठेवून तुलना करा. हबला बसणाऱ्या पृष्ठभागापासून आतली आणि बाहेरची कड किती अंतरावर आहे ते मोजा. आतल्या बाजूला वरचा आर्म आणि ब्रेकची पाइप आहे, तिकडेही जागा लागते. म्हणजे फार आत घेऊनही चालणार नाही. रिमचं मधलं भोक हबवर घट्ट बसलं पाहिजे. सैल असेल तर चाक नेमकं मधोमध बसत नाही आणि ७०-८० ला स्टिअरिंग थरथरतं.

आणि कृपया, उंची ठरल्याशिवाय अलायनमेंटला येऊ नका. टॉर्शन बार फिरवला की कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) आणि टो (वरून बघता चाकं आत-बाहेर किती वळलीत) दोन्ही बदलतात. आज पैसे द्याल, उद्या उंची बदलाल, परत पैसे द्याल. गाडी इतकी खाली असेल तर टायर आतल्या कडेने खाल्ला गेला असणार, बघा.

भांडुपचा_हौदा | ९ जुलै, दुपारी २:१५

टो_इन ताई, बरोबर. आतली कड जवळजवळ गुळगुळीत आहे, बाहेरची नवी दिसते. वरून बघून कळलंच नसतं.

कमानपाटा | ९ जुलै, रात्री ९:३०

उशीर झाला, दुकान बंद करून आलो. ग्रीसगनदादा, तुमचा संशय खरा ठरेल असं वाटतंय.

भाऊ, पाट्यांच्या थरातून उभा एक सेंटर बोल्ट जातो. त्याचं गोल डोकं एक्सलवरच्या बैठकीच्या भोकात बसतं. एक्सलला पुढे-मागे सरकू न देणं हे त्या डोक्याचं काम. यू-बोल्ट फक्त दाबून धरतात. पाटे काढले की थराची जाडी कमी होते. लोक तेच जुने यू-बोल्ट परत चढवतात, आटे पुरत नाहीत, नट वाटतो घट्ट पण पकड बसत नाही. मग ब्रेक मारला, खड्डा आला की एक्सल थोडा थोडा हलतो आणि सगळा मार सेंटर बोल्टच्या डोक्यावर. एक दिवस डोकं तुटतं आणि एक्सल त्या बाजूने सरकतो. गाडी खेकड्यासारखी तिरकी चालायला लागते, मागून येणाऱ्याला दिसतं, चालवणाऱ्याला नाही.

तुम्ही असं करा. दोन्ही बाजूंना पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या बोल्टपासून एक्सलच्या मध्यापर्यंत टेपने मोजा. दोन्हीकडे सारखं यायला हवं. आणि यू-बोल्टच्या प्लेटच्या कडेला बघा, बैठकीवर ताजी चमकणारी घासलेली रेघ दिसते का. गंज नसलेली चमक म्हणजे ते हलतंय.

भांडुपचा_हौदा | १० जुलै, सकाळी ८:२०

दादा, हात थरथरतोय लिहिताना. डावीकडचं अंतर उजवीपेक्षा ११ मिमी कमी आहे. बैठकीवर चमकती रेघ आहे. पान्याने नट तपासला तर सहज अर्धा आटा फिरला. आजपासून गाडी उभी.

कमानपाटा | १० जुलै, सकाळी ८:४५

बरं केलंत. आता तिला चालवत आणू नका, टो करून आणा, जिथे कुठे न्याल तिथे.

नवे यू-बोल्ट, नवे सेंटर बोल्ट, दोन्ही बाजूंना. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो, तो ताणूनच पकड धरतो. काढलेले पाटे परत टाका, जुने मिळाले नाहीत तर स्टॉकचा पूर्ण सेट घ्या. एखादाच पाटा नवा आणि बाकीचे थकलेले असा संसार टिकत नाही. शॅकलचे आणि डोळ्याचे रबर बुश बदला. बोल्ट कसताना गाडी स्वतःच्या वजनावर चाकांवर उभी हवी, हवेत लटकत असताना बुशचे बोल्ट कसले तर रबर पिळलेल्या स्थितीत अडकतं आणि लवकर फाटतं. पाचेकशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा कसायचे. हे पुन्हा कसणं लोक विसरतात आणि गाडी परत माझ्या दारात येते.

लो_अँड_स्लो | १० जुलै, दुपारी १२:१०

बापरे, वेळेत सापडलं. हा धागा वर पिन करायला हवा.

भाऊ, ६०-७० च्या वेगाला खालून बारीक कंप येतो का? पाटे कमी असले की अॅक्सिलरेटर दाबताना एक्सल पिळतो, डिफरन्शियलचं नाक वर उचललं जातं आणि प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचा (सांध्याचा) कोन बिघडतो. पाटे परत टाकल्यावर कंप गेला नाही तर क्रॉस आणि सेंटर बेअरिंग तपासून घ्या.

भांडुपचा_हौदा | १० जुलै, दुपारी ३:३०

हो, येतो. मला वाटायचं रस्ताच तसा आहे. ठाण्याकडे हायवेला लागलं की जाणवतो.

अजून एक, घासण्याशी संबंध आहे की नाही माहीत नाही. परवा पावसात पवईच्या उतारावर रिकाम्या गाडीने ब्रेक मारला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी हलकेच आडवी झाली. टायर वाईट म्हणून असेल?

एनएच६६ | १० जुलै, संध्याकाळी ६:००

मी वर्षातून बऱ्याच वेळा पिकअप भरून सावंतवाडी-कुडाळ करतो, म्हणून धावत आलो. भाऊ, मागच्या एक्सलपासून वर चासिसकडे जाणारी एक सळई किंवा स्प्रिंग दिसते का? तिच्या टोकाला ब्रेकच्या पाइपा जोडलेला छोटा व्हॉल्व्ह?

भांडुपचा_हौदा | १० जुलै, संध्याकाळी ६:४०

आहे. सळईला मधे बाक आहे, मित्राच्या गाडीत सरळ होती.

ग्रीसगन | १० जुलै, रात्री ९:१५

एनएच६६, अगदी नेमकं पकडलंत. हे मी पहिल्याच पोस्टमध्ये विचारायला हवं होतं असं कोणी म्हणेल, पण खडूच्या टेस्टने आपण तिथे पोचलोच.

तो एलएसपीव्ही, म्हणजे लोड सेन्सिंग प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. हौद्यात किती भार आहे हे ओळखून मागच्या ब्रेकला तेल किती दाबाने जाऊ द्यायचं ते तो ठरवतो. त्याला वजनकाटा नसतो. चासिस आणि एक्सल यांच्यातलं अंतर एवढंच त्याला कळतं. अंतर कमी झालं, म्हणजे गाडी भरली, म्हणजे मागे जास्त ब्रेक दे. भरलेल्या पिकअपला ते बरोबरच आहे, मागच्या चाकांवर वजन असतं, ती रस्ता सोडत नाहीत. रिकाम्या पिकअपची मागची चाकं मात्र हलकी. त्यांना भरलेल्या गाडीएवढा ब्रेक मिळाला की ती लगेच लॉक होतात, आणि मागची चाकं लॉक झाली की गाडीची शेपटी पुढे यायला बघते.

आता विचार करा. तुमची गाडी मागून ७० मिमी खाली आहे. म्हणजे व्हॉल्व्हच्या दृष्टीने ती चोवीस तास भरलेलीच आहे. रिकामी असली तरी, पाऊस असला तरी. पवईला जे झालं ते त्यामुळे. सळईला बाक कोणीतरी हे लक्षात येऊन दुरुस्त करायला दिला असेल किंवा पाटे काढताना वाकला असेल. अंदाजाने वाकवलेल्या सळईवर ब्रेक सोडायचा नसतो. पाटे परत टाकून मागची उंची मूळ करा, सळई नवी किंवा सरळ बसवा, आणि सेटिंग वर्कशॉप मॅन्युअलप्रमाणे, पुढच्या-मागच्या ब्रेकला प्रेशर गेज लावून करणाऱ्याकडेच करून घ्या. मागची ब्रेकची रबरी पाइपही बघा, खाली बसलेल्या गाडीत ती कुठेतरी घासलेली असते.

टायर घासला तर टायर जातो, हजारांचा प्रश्न आहे. ब्रेक चुकला तर जिवाचा. बसवलेली पिकअप घेताना पहिली नजर या सळईवर टाकावी असं माझं ठाम मत आहे. मडगार्ड, रंग, अलॉय सगळं नंतर.

आता पुढची बाजू. टॉर्शन बारचा बोल्ट तुम्हाला स्वतःला फिरवता येईल, पण पाटेवाल्याकडेच करा म्हणजे एकदम होईल. पुढून गाडी उचलून चाकं लटकू द्यायची, घोड्या लावायच्या, मग बोल्टवर फारसा भार राहत नाही. बोल्टच्या डोक्यावर रंगाची खूण करा. दोन्ही बाजू सारख्या फिरवा, उतरवा, थोडी चालवून आणा, मग हबपासून मोजा. फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडी कुठे उभी राहायची ती जागा बदलते. म्हणूनच या एका कामात गमावलेला प्रवास परत मिळतो. स्टॉकच्याही वर मात्र नेऊ नका, बॉल जॉइंटचे कोन बिघडतात आणि चाक खाली लटकायला जागा राहत नाही.

लो_अँड_स्लो | १० जुलै, रात्री १०:३०

एक सुचवू? मागे पूर्ण स्टॉक, कारण तिथे भार येतो. पुढे स्टॉकपेक्षा साधारण २५ मिमी खाली ठेवा. स्टॉक पिकअप मागून चढलेलीच असते, त्यामुळे पुढचं नाक थोडं खाली आलं की गाडी अंगावर येणारी दिसते. बंप स्टॉपला जागा राहते, टायर मूळ व्यासाचा घेतला तर घासणार नाही.

चौकस_पार्किंग | ११ जुलै, सकाळी १०:००

कायद्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपात आणि आरसीवर आहे त्यात मनमानी बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चासिस कापलेली गाडी पंधरा वर्षांनंतर री-रजिस्ट्रेशनला आरटीओत उभी केली तर काय होईल याचा विचार करा. ताडदेव असो, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली. अपघात झाला तर विमा कंपनीलाही आयतं निमित्त मिळतं.

टॉर्शन बारचा बोल्ट कंपनीनेच फिरवण्यासाठी दिलेला आहे, ती गोष्ट वेगळी.

एनएच६६ | ११ जुलै, दुपारी १:४०

स्पीडब्रेकरबद्दल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ च्या १९८८ च्या आवृत्तीत उंचवट्याचं माप दिलं होतं: रुंदी ३.७ मीटर, मधे उंची १० सेंटिमीटर, १७ मीटर त्रिज्येचा गोलावा. झेनॉनचा व्हीलबेस सुमारे ३.१५ मीटर. गणित केलंत तर दोन चाकांच्या मधे त्या उंचवट्याचा फक्त ७३ मिमी भाग पोटाखाली येतो. असा स्पीडब्रेकर तुमच्या आताच्या गाडीलाही लागणार नाही. आपल्या गल्ल्यांत मात्र सिमेंटचा अरुंद ढिगारा किंवा रबराची पट्टी असते. ती पूर्णच्या पूर्ण उंचीने पोटाखाली येते, वर भरलेली गाडी उतरताना सस्पेन्शन दबतं ते वेगळं.

बरेच जण अशा ठिकाणी गाडी तिरकी घेतात. पोट वाचतं, पण एकावेळी एकच चाक वर ढकललं जातं आणि तेच चाक मडगार्डमध्ये सर्वांत आत घुसतं. वर स्टिअरिंगही कापलेलं असतं. बसवलेल्या गाडीला तिरकं घेणं म्हणजे टायर हमखास घासणार. तुमची उंची वर आली की सरळ घ्या, सावकाश.

भांडुपचा_हौदा | २ ऑगस्ट, रात्री ११:००

मंडळी, उशीर झाला कळवायला, पण काम पूर्ण झालं. गाडी टो करून कुर्ल्याला नेली, पार्ट्स सीएसटी रोडवरच मिळाले.

मागे पूर्ण पाटे, नवे बुश, नवे यू-बोल्ट. जुना सेंटर बोल्ट हातात घेतला तर डावीकडच्याचं डोकं नव्हतंच, नुसता खुंट. मिस्त्रींनी तो माझ्या हातात ठेवला आणि काही न बोलता दुसरं काम करायला गेले. एलएसपीव्हीची सळई नवी टाकली, गेज लावून सेट केली. पुढे टॉर्शन बार वर घेतले, आता स्टॉकपेक्षा २५ मिमी खाली. बंप स्टॉपखाली आता बोट आरामात जातं. रिम बदलली, १८ इंचीच, पण ईटी कंपनीच्या रिमच्या जवळचा. टायर २३५/६० आर १८, लोड इंडेक्स दुकानदाराला तीनदा विचारून घेतला. शेवटी अलायनमेंट, आणि हेडलाइटचा झोतही नीट करून घेतला, कारण मागची बाजू वर आल्याने झोत फार जवळ पडत होता.

लायनरचा खालचा कोपरा आधीच घासून फाटला होता. तिथे हीट गनने गरम करून आत दाबला आणि क्लिप बदलल्या. पावसात चिखल आत वायरिंगवर जाऊ नये म्हणून. मागच्या कमानीतला चंद्रकोरी पट्टा घासून प्राइमर आणि रंग मारला, आपल्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा किती दिवस टिकणार. ग्राइंडर कुठेच लागला नाही.

खडूची टेस्ट पुन्हा केली. पाच जण हौद्यात, एक चाक रॅम्पवर, स्टिअरिंग दोन्ही टोकांना. मडगार्ड स्वच्छ.

टो_इन | ३ ऑगस्ट, सकाळी ९:१०

अलायनमेंटचा प्रिंटआउट जपून ठेवा. टॉर्शन बार फिरवल्यावर थोडे दिवसांत किंचित बसतात, त्यामुळे गावाहून आल्यावर उंची आणि टो पुन्हा बघून घ्या.

भांडुपचा_हौदा | गणपतीनंतर, संध्याकाळी ७:२०

जाऊन आलो. पाच माणसं, हौद्यात सामान, वर ताडपत्री. घासण्याचा आवाज एकदाही नाही. कशेडीच्या बोगद्यानंतर एका ठिकाणी पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही, चाक जोरात गेलं, पण तो जुना दणका नव्हता, सस्पेन्शनने गिळला. येताना रिकाम्या गाडीने पावसात ब्रेक लावून बघितला, मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम. सरळ थांबली.

निघायच्या आधी कमानपाटादादांच्या सांगण्याप्रमाणे यू-बोल्ट पुन्हा कसून घेतले. आठपैकी दोन नट थोडे फिरले.

डोंबिवली_फास्ट_लेन | दोन दिवसांनी, सकाळी ११:३०

धागा वाचून माझ्या बोलेरो पिकअपखाली डोकावलो. बसवलेली नाही, स्टॉकच आहे, पण एक्स्ट्रा पाटे टाकून घेतलेत जास्त भारासाठी. सळई मलाही दिसते. मला काही बघावं लागेल का?

ग्रीसगन | दुपारी ४:००

हो, बघावंच लागेल, आणि तुमचं दुखणं उलटं आहे. पाटे वाढवल्याने भरल्यावरही तुमची गाडी खाली बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो भरलेल्या गाडीच्या मागच्या चाकांना कमी ब्रेक देतो. सगळं थांबवायचं काम पुढच्या ब्रेकवर येतं. घाटात उतरताना पुढचे ब्रेक तापून वास येतो का, पेडल मऊ होतं का ते आठवा. नव्या उंचीप्रमाणे सेटिंग करून घ्या, गेज लावूनच. आणि पाटे किती वाढवलेत, कोणत्या जाडीचे, ते इथे टाका. कमानपाटा बघतील.